सहाव्या महिन्यानंतर

लठ्ठपणा असलेल्या प्रौढ माणसाचं वजन उतरायचं असेल तर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिच्यापेक्षा कमी ऊर्जा अन्नातून यायला हवी. याबद्दल आहारशास्त्रात आता वाद नाही. वाद आहे तो ही तूट आणायची कशी, याचा. रोज पाचशे कॅलरी कमी खा, असं एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखं जेवा आणि दोन दिवस कडक पाळा. तिसरा एक दिवसाआड उपवास सांगतो, चौथा दिवसातल्या ठरावीक आठ तासांतच खायची मुभा देतो. कुणी भात-पोळी बंद करायला लावतं, कुणी तेल-तूप. काही देशांत तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन-चार महिने नेहमीचं जेवणच थांबवून दिवसाला साधारण आठशे कॅलरींच्या पावडरीवर रुग्णाला ठेवलं जातं. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव व्याख्यानं देऊन पोचवलेली, दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत आज घराघरांत ठाऊक आहे.

या पुस्तकात या सगळ्या पद्धती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या आहेत. त्यांतली सर्वांत चांगली कोणती हे पहिल्याच पानावर कळावं, अशी वाचकाची अपेक्षा असणार, म्हणून ते इथेच सांगते. पावडरीचा कार्यक्रम वेगळा ठेवला तर पहिल्या सहा महिन्यांत जवळजवळ सगळ्याच पद्धतींनी वजन उतरतं आणि त्यांच्यातला सरासरी फरक एक-दोन किलोंच्या आसपास राहतो. दोन वर्षांनी पाहिलं तर जवळजवळ सगळ्यांत ते परत चढू लागलेलं दिसतं. पद्धतींची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षात होते, आणि नेमक्या त्याच काळाचे अभ्यास कमी आहेत. बहुतेक प्रयोग तीन महिन्यांत, सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात संपतात. जाहिरातींतले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटोही त्याच काळातले असतात. हे पुस्तक दुसऱ्या वर्षाची बाजू घेऊन लिहिलेलं आहे.

आधी आहारातल्या घटकांचा वाद पाहू, कारण तो सर्वांत जुना आहे. २००९ साली फ्रँक सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. जादा वजन असलेल्या ८११ प्रौढांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत विभागणी केली होती. एका टोकाच्या गटात कर्बोदकं ६५ टक्के होती, दुसऱ्या टोकाच्या गटात ३५ टक्के. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थही त्या मानाने कमीजास्त होते, पण कॅलरींची तूट सगळ्यांना सारखीच सांगितली होती. सहा महिन्यांत सरासरी सहा किलो उतरले. दोन वर्षांनी त्यातले चारच किलो कमी राहिले होते, आणि चार गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. एक गोष्ट मात्र ठळक दिसली: जे गटाच्या बैठकींना येत राहिले त्यांचं वजन जास्त उतरलं. प्रत्येक उपस्थितीमागे सुमारे २०० ग्रॅम. याचा अर्थ येण्यामुळेच वजन उतरलं असा लगेच काढता येत नाही. वजन उतरतं आहे म्हणून माणूस उत्साहाने येतो, असंही असू शकतं. तरीही ताटात काय वाढलं यापेक्षा कुणाशी बोलणं चालू राहिलं याचा वजनाशी संबंध अधिक स्पष्ट दिसावा, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

नऊ वर्षांनी स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर हाच प्रश्न आणखी बारकाईने तपासला. निम्म्यांनी वर्षभर स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी कर्बोदकं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोंनी. काहींच्या जनुकांना एक आहार मानवेल आणि काहींच्या जनुकांना दुसरा, अशी त्या वेळी आशा होती. इन्सुलिन किती स्रवतं त्यावरूनही अंदाज बांधता येईल असं वाटत होतं. दोन्ही गोष्टींचा उपयोग झाला नाही. पण सरासरीच्या खाली जे दडलं होतं ते विलक्षण होतं. एकाच गटात, एकच आहार घेऊन, कुणी तीसेक किलोंपर्यंत हलकं झालं, तर कुणाचं वजन दहा किलोंपर्यंत वाढलं. दोन आहारांमधला फरक एका किलोच्याही आत आणि एकाच आहारावरच्या दोन माणसांमधला फरक चाळीस किलोंच्या घरात. शेजारणीला लागू पडलेला आहार आपल्याला लागू पडत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकीने हे आकडे जवळ ठेवावेत.

उपवासाच्या पद्धतींकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण उपवास आपल्याकडे घरचा आहे. शिकागोत एका वर्षाच्या प्रयोगात १०० जणांपैकी काहींना एक दिवसाआड फक्त गरजेच्या पाव भाग कॅलरी दिल्या, काहींना रोज थोडं कमी खायला सांगितलं, आणि काहींना काहीच सांगितलं नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा वर्षअखेरीला उपवासवाल्यांचं वजन ६ टक्क्यांनी आणि रोज थोडं कमी खाणाऱ्यांचं ५.३ टक्क्यांनी कमी होतं. मात्र प्रयोग अर्ध्यावर सोडणाऱ्यांचं प्रमाण उपवासाच्या गटात जास्त होतं, ३८ टक्के. पुढे २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझू इथला प्रयोग छापून आला. १३९ लठ्ठ प्रौढांना सारख्याच कमी कॅलरी सांगितल्या आणि निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खाण्याचं बंधन घातलं. वर्षभरात बंधनवाल्यांचे ८ किलो उतरले, इतरांचे ६.३. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. कॅलरी सारख्या असतील तर घड्याळाची वेगळी जादू नाही, एवढं त्यातून दिसलं.

उपवासाच्या बाजूनेही पुरावा आहे, तो झाकायचा नाही. २०२५ मध्ये कोलोरॅडोतल्या १६५ जणांच्या अभ्यासात आठवड्यातून तीन दिवस कॅलरी ऐंशी टक्क्यांनी तोडणाऱ्यांचं वजन वर्षात ७.६ टक्क्यांनी उतरलं, रोज थोडं कमी खाणाऱ्यांचं ५ टक्क्यांनी. त्याच वर्षी ‘बीएमजे’ने ९९ प्रयोगांचा एकत्रित आढावा छापला. त्यात एक दिवसाआडचा उपवास रोजच्या कपातीपेक्षा जेमतेम सव्वा किलोने सरस ठरला. सव्वा किलो हा आकडा खोटा नाही, पण त्यासाठी आयुष्याची घडी बदलावी एवढा मोठाही नाही. ज्याला रोज थोडंथोडं मन मारण्यापेक्षा तीन दिवस कडक राहून चार दिवस मोकळं जेवणं सोपं जातं, त्याने तो मार्ग जरूर धरावा.

आपल्या एकादशी-चतुर्थीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. त्या उपवासांचा हेतू वजनाचा नाही आणि त्यांचे नियमही कॅलरींचे नाहीत. काय खायचं ते बदलतं, किती खायचं ते बदलत नाही. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण साडेतीनशे कॅलरी असतात, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. त्यात तूप, बटाटा आणि सोबत केळ्याचे वेफर्स आले की उपवासाचा दिवस एरवीच्या दिवसाहून जड होतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच केलेली नाही. श्रद्धेने उपवास करणाऱ्यांना मी तो सोडायला सांगत नाही. मात्र ‘मी आठवड्यातून दोन उपवास करते तरी वजन हलत नाही’ अशी खंत घेऊन येणाऱ्या बाईला तिच्या ताटाचा हिशोब प्रेमाने मांडून दाखवायला हवा.

दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीबद्दल मला नेहमी विचारलं जातं. तिच्यामागची इन्सुलिनची मांडणी हा एक भाग, त्याची चर्चा स्वतंत्र प्रकरणात आहे. वजनापुरतं बोलायचं तर तिची ताकद तिच्या साधेपणात आहे. तोलायचं नाही, मोजायचं नाही, दोनदा जेवा, जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा आणि मधे तोंड बंद. चहाबरोबरची बिस्किटं, ऑफिसातला वडापाव, मुलांच्या डब्यातलं उरलेलं, रात्री टीव्हीसमोरचा चिवडा, हे सगळं एका नियमाने बाहेर जातं. त्यामुळे दिवसाच्या एकूण कॅलरी घटल्या तर वजन उतरतं. दोन जेवणांत चार जेवणांचं खाल्लं तर उतरत नाही. ज्यांना वही घेऊन हिशोब ठेवणं जमत नाही, त्यांना असा एकच ठाम नियम सोसतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र तो डॉक्टरांशी बोलल्याशिवाय धरू नये, कारण मधल्या लांब खंडात रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आता पावडरीच्या कार्यक्रमाकडे वळते. पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्याच्यावरच आहे.

ब्रिटनमध्ये माइक लीन आणि रॉय टेलर यांनी ‘डायरेक्ट’ नावाचा प्रयोग केला. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या टाइनसाइड भागातले ४९ साधे दवाखाने, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरांच्या जागी असलेले, त्यात सामील झाले. टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त काळ न झालेले, इन्सुलिन न घेणारे ३०६ रुग्ण निवडले. निम्म्या दवाखान्यांतल्या रुग्णांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या आणि त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरींच्या पेयांवर आणि सूपवर ठेवलं. मग काही आठवडे हळूहळू नेहमीचं अन्न परत आणलं, आणि त्यापुढे महिन्याच्या महिन्याला नर्स किंवा आहारतज्ज्ञ भेटत राहिले. वर्षअखेरीला या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात ते ८६ टक्के निघालं.

हे आकडे २०१७ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि मधुमेह हा एकदा आला की कायमचा, ही समजूत हलली. टेलर यांचं म्हणणं असं की यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी निघून गेली की स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं, निदान आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत. पण हा प्रयोग इथेच थांबवून सांगितला जातो, आणि तो पुढे न सांगणं मला अन्यायाचं वाटतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी औषधांशिवाय असलेले ३६ टक्क्यांवर आले. पुढे ज्यांना तीन वर्षं थोडा आधार मिळत राहिला, त्यांचं वजन पाच वर्षांनीही सरासरी सहा किलोंनी कमी होतं, पण मधुमेहापासून मुक्त राहिलेले १३ टक्के होते. याला अपयश म्हणायला मी तयार नाही. सहा किलो पाच वर्षं उतरलेले राहणं ही मोठी कमाई आहे. फक्त ती कमाई पावडरीच्या डब्याची नाही. तिच्यामागे पाच वर्षं उघडं राहिलेलं दार आहे.

म्हणून मेडिकलच्या दुकानातून डबा आणून घरच्या घरी तीन महिने जेवण सोडणं आणि हा कार्यक्रम, यांना एक समजू नका. १९७० च्या दशकात अमेरिकेत हलक्या प्रतीच्या, कोलॅजेनपासून काढलेल्या द्रव प्रथिनांवर महिनोन्महिने राहिलेल्या लोकांपैकी कित्येक जण हृदयाचे ठोके बिघडून दगावले. आजच्या पावडरी त्याहून पुष्कळ चांगल्या आहेत, तरी वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होणं, रक्तदाब एकदम खाली जाणं, हे धोके आहेतच.

एवढं सगळं करून वजन परत का चढतं, हा या विषयाचा गाभा आहे. इथे आपण माणसांवर फार क्रूर झालो आहोत. ‘जिभेवर ताबा नाही’ हे वाक्य लठ्ठ माणसाने घरात, लग्नात, दवाखान्यात, इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्याला स्वतःलाही ते पटलेलं असतं.

२०१६ मध्ये केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी एक देखणा अभ्यास छापला. मधुमेहाचं एक औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकतं, दिवसाला सुमारे ३६० कॅलरींइतकी. रुग्णांना ही गळती जाणवत नाही, आणि आपल्याला खरं औषध मिळतं आहे की नुसती गोळी, हेही ठाऊक नव्हतं. वजन उतरू लागलं आणि काही महिन्यांत थांबलं. कारण त्यांची भूक वाढली होती. हिशोब केला तेव्हा दिसलं की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीर दिवसाला साधारण १०० कॅलरी जास्त मागतं. शरीराचा खर्चही किलोमागे वीस-तीस कॅलरींनी कमी होतो, पण भुकेचा जोर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे दहा किलो उतरवलेला माणूस रोज हजार कॅलरींच्या जादा भुकेशी झगडत असतो. ही भूक चवीची नाही, मेंदूने पाठवलेली आहे. मेलबर्नच्या प्रिया सुमित्रन यांनी २०११ साली दाखवलं होतं की वजन उतरल्यानंतर वर्ष झालं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि तृप्ती देणारं लेप्टिन उतरलेलं राहतं.

यापूर्वीही हे दिसलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने दिवसाला साधारण १५७० कॅलरींवर ठेवलं. युद्धाला नकार देणारी ही मुलं युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं जेवतं करावं हे कळावं म्हणून आपणहून पुढे आली होती. त्यांचं जवळजवळ पाव वजन गेलं. ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, ताटं चाटत, चिडत, उदास होत. ती लठ्ठ नव्हती, त्यामुळे त्यांची अवस्था लठ्ठ माणसाला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण दीर्घकाळ कमी खाणाऱ्या माणसाच्या मनात अन्न का घोळत राहतं, त्याचं उत्तर त्या प्रयोगात आहे. आणि आपल्याकडे छापील आहारतक्ते दीड हजारच काय, बाराशे कॅलरींचेही सर्रास वाटले जातात.

मोजण्याबद्दलही असाच कनवाळूपणा हवा. ‘मी काहीच खात नाही, तरी वजन वाढतं’ असं म्हणणाऱ्यांचा न्यूयॉर्कमध्ये अभ्यास झाला होता, १९९२ साली. शरीराचा खरा ऊर्जाखर्च मोजला तेव्हा त्यांचा चयापचय ठीकठाक निघाला. ते आपलं खाणं प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही फसवणूक नव्हती. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात आहारतज्ज्ञ स्त्रियांनीही स्वतःचं खाणं दिवसाला दोनशेहून अधिक कॅलरींनी कमी सांगितलं, तिथे इतरांचं काय. त्यातून आपल्या घरांत जेवण एका पातेल्यातून सगळ्यांना वाढलं जातं, आणि बहुतेक घरांत शेवटी जेवणारी बाई पातेल्यात उरलेली आमटी, मुलाने टाकलेला पोळीचा तुकडा ‘वाया जाऊ नये’ म्हणून खाते. तिचा हिशोब कुठल्याही वहीत येत नाही.

म्हणून मराठी स्वयंपाकघरात ताटापेक्षा तेलाच्या पिशवीवर हिशोब ठेवणं सोपं, असं माझं मत आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागतं असं धरा. माणशी एक लिटर. एका लिटर तेलात साधारण ८,२०० कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला माणशी सुमारे २७० कॅलरी निव्वळ तेलाच्या. घरातलं तेल चारावरून दोन लिटरवर आणलं, भाजी-पोळीची चव न घालवता ते करता येतं, तर दिवसाला माणशी १३५ कॅलरी वाचतात. जुना नियम असा होता की ७,७०० कॅलरी वाचवल्या की एक किलो उतरतो, आणि असंच उतरत राहतो. त्या हिशोबाने तीन वर्षांत जवळपास १९ किलो व्हायला हवेत. तसं होत नाही. हॉल यांच्या गणिताप्रमाणे दिवसाला २४ कॅलरींची कायमची कपात म्हणजे अखेरीस एक किलो, आणि त्यातला निम्मा पहिल्या वर्षी, बाकीचा पुढच्या दोनेक वर्षांत. म्हणजे तेल निम्मं केल्याने, बाकी सगळं तसंच राहिलं तर, तीन वर्षांत साधारण साडेपाच किलो. कुणाला हे थोडं वाटेल. वर सांगितलेल्या महागड्या प्रयोगांच्या दोन वर्षांनंतरच्या आकड्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. शिवाय यात कुणाला वेगळं ताट घ्यावं लागत नाही, सूनबाई ‘डाएटवर’ आहे म्हणून तिला बोलणी खावी लागत नाहीत.

भारतीय शरीराचा मुद्दा राहिला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ‘सडपातळ पण चरबीदार’ भारतीय शरीराची ही ओळख जन्मापासूनची आहे, हे त्यांच्या पुणे परिसरातल्या गावांमधल्या अभ्यासांनी दाखवलं. आपल्याकडे बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८०, ती याच कारणाने. यामुळे धोका लवकर सुरू होतो, पण थोडी घटही लवकर उपयोगी पडते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये दाखवलं की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांपैकी ज्यांनी आहार आणि चालणं सुधारलं त्यांच्यात मधुमेह सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि वजन मात्र फारसं हललं नव्हतं. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्यांनी हे विसरू नये. आणि प्रथिनांकडे दुर्लक्ष करू नये. उतरणाऱ्या वजनात साधारण पाव भाग चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात, आणि भारतीय आहारात सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांच्याच आहेत. पोळ्या कमी करून त्यांच्या जागी काहीच न आणणं म्हणजे हातपाय गमावणं. डाळ, उसळ, दही, अंडं, मासे यांपैकी जे घरात चालतं ते वाढायला हवं, आणि वजन उचलण्याचा थोडा व्यायामही.

सेमॅग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शनं आता भारतातही मिळतात. ती या पुस्तकाचा विषय नाहीत, पण त्यांनी दिलेला धडा आहे. सेमॅग्लुटाइडच्या मोठ्या प्रयोगात ६८ आठवड्यांत जवळजवळ १५ टक्के वजन उतरलं, कारण औषधाने भूकच आवरली. ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. जिभेवरचा ताबा असा इंजेक्शनबरोबर येत-जात नसतो. लठ्ठपणा दीर्घ मुदतीचा आजार आहे आणि रक्तदाबासारखे त्याचे उपचार चालूच ठेवावे लागतात, हे मानायला एवढं पुरेसं आहे.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक पद्धत तीन प्रश्नांनी तपासली आहे: वर्षानंतर किती टिकलं, किती जणांनी मधेच सोडलं, आणि घरातल्या बाकीच्यांना ती सोसेल का. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, खाण्याच्या मानसिक विकारातून गेलेले लोक, सत्तरी ओलांडलेले अशक्त वृद्ध, यांनी यातली कुठलीही पद्धत स्वतःच्या मनाने सुरू करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

बाकी सगळ्यांना एक विनंती. वजन कमी करण्याच्या कुठल्याही कार्यक्रमाचे पैसे भरण्याआधी समोरच्याला विचारा की तुमच्याकडे आलेल्यांपैकी दोन वर्षांनी किती जणांचं वजन कमी राहिलं, आणि सहाव्या महिन्यानंतर मला कोण, किती वेळा भेटणार आहे. उत्तर मिळालं नाही तर पैसे भरू नका. घरच्या तेलाच्या पिशवीपासून सुरुवात करा, आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच मागून घ्या.